पोपटाच्या डोळ्यापलीकडे

मराठी साहित्यात पाखरे पुष्कळ आहेत. पाखरांकडे पाहणारी माणसे मात्र एकाच आळीतली आहेत. हे विधान काहींना आक्रस्ताळे वाटेल. निसर्गाला जात नसते, पाखरू कुणाच्याही अंगणात उतरते, हे त्यावरचे ठरलेले उत्तर आहे, आणि ते खरेही आहे. पाखराला जात नसते. पण पाखराला नाव देणाऱ्याला, त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्याला आणि ते पुस्तक पिशवीत टाकून सकाळी खाडीवर जाणाऱ्याला जात असते, घर असते, पगार असतो आणि रविवारची सुटी असते. पक्षिनिरीक्षणाचे आपले वाङ्मय या सगळ्यातून घडले आहे. त्याची झडती अजून कुणी घेतलेली नाही. ना प्रस्थापित समीक्षेने, ना आपण.

हे मी पक्षितज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहते, महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेल्या दोन हिवाळ्यांपासून पाखरे पाहायला शिकते आहे. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गळ्यात दुर्बीण घालणारीही पहिलीच. केबिन रोडला पक्षी पाहायला जा, असे कुणी कुणाला सांगणार नाही. रिक्षा, भाजीच्या गाड्या, शिकवणीवर्गांचे फलक आणि स्टेशनाकडे धावणारी माणसे, एवढेच तिथे आहे असे वाटते. पण त्या गर्दीतल्या उरल्यासुरल्या झाडांवर ऊन तापू लागले की तांबट टुकटुक करतो. उद्यानाच्या कुंपणावर बुलबुल, साळुंकी, शिंपी, दयाळ असतात. जेसल पार्कच्या चौपाटीवर गेले की समोर वसईची खाडी, पलीकडे पाणजू बेट आणि नायगावकडे जाणारा रेल्वेचा पूल. तिथे तिवरांत बगळे, ढोकऱ्या, खंड्ये, पाणकावळे आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. आणखी थोडे दूर मिठागरांवर गेले की लांब गुलाबी पायांचे शेकाटे, चिखल्या, तुतवार. थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव आणि नशीब असेल तर रोहित. तिकीट नाही, फाटक नाही, अभयारण्याची पाटी नाही. नवशिक्याला याहून चांगली शाळा मिळणे कठीण.

शाळा चांगली आहे. प्रश्न पाठ्यपुस्तकांचा आहे.

नवशिक्या माणूस आधी नावे शिकतो. ती शिकताना माझ्या लक्षात आले की मी आपल्या गावगाड्याचीच हजेरी घेते आहे. शिंपी, सुतार, तांबट, परीट, खाटीक, कोतवाल. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी. झाडाचे खोड टोकरतो तो सुतार. पाण्याच्या काठाशी शेपटी आपटत चालतो तो परीट, म्हणजे धोबी. किडे, सरडे मारून काट्याला टांगून ठेवतो तो खाटीक. अलुतेदार-बलुतेदारांची अर्धी यादी झाडावर जाऊन बसली आहे. ही नावे मला मुळीच वाईट वाटत नाहीत, उलट आवडतात. कुणीतरी पाखराचे काम पाहिले, शेजारच्या माणसाचे काम पाहिले आणि दोन्हींत एक कौशल्य ओळखले. श्रम पाहून दिलेली ही नावे आहेत. मराठी भाषेत श्रमाला इतका मान फार ठिकाणी मिळालेला नाही. (सुगरणीची गोष्ट तेवढी वेगळी. घरटे विणतो तो नर आणि नाव मात्र सुगरण. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला या पाखराचे बारकाईने निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी पारखून घेते, हे तेथे दिसले. पण विणणे, रांधणे, घर करणे ही बाईचीच कामे, हे ठरलेले असल्यामुळे पाखराचेही लिंग आपण बदलून टाकले.)

आता दुसऱ्या जातीची नावे पाहा. पांढरे डोके आणि तांबूस पाठ असलेली एक देखणी घार खाडीवर नेहमी दिसते. तिचे नाव ब्राह्मणी घार. तिच्याच बाजूला घिरट्या घालणारी, मळकट तपकिरी, दुभंगलेल्या शेपटीची, उकिरड्यावर उतरणारी जी घार, तिचे इंग्रजी नाव अनेक दशके 'पारिया काइट' होते. सालिम अलींच्या १९४१ साली प्रथम निघालेल्या, नंतर अनेकदा छापल्या गेलेल्या पुस्तकातून दोन-तीन पिढ्यांनी ती याच नावाने ओळखली. पारिया हा तमिळ मुलखातील परैयर जातीच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश. 'परै' वाजवणारे ते परैयर. इंग्रजांनी या शब्दाचा अर्थ 'बहिष्कृत' केला आणि गल्लीतल्या कुत्र्याला व उकिरड्यावरच्या घारीला तो चिकटवला. गंमत अशी की पुण्याच्या बाजूला राहून दख्खनच्या पाखरांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ साली याच घारीला शास्त्रीय नाव दिले 'गोविंदा'. ते तिच्या उपजातीच्या नावात आजही आहे. म्हणजे एकच पाखरू लॅटिनमध्ये गोविंद आणि इंग्रजीत पारिया!

शिंपी शिवतो म्हणून शिंपी, सुतार लाकूड टोकरतो म्हणून सुतार. ब्राह्मणी घार मात्र काही करते म्हणून ब्राह्मणी नाही. ती दिसते म्हणून ब्राह्मणी आहे. कामावरून नाव द्यायचे तर तीही मेलेले मासे आणि कोळ्यांनी टाकलेली घाण उचलते, खेकडेही खाते. दोघींचा आहार पुष्कळसा एकच. पण एकीचा रंग उजळ, म्हणून ती ब्राह्मण. दुसरीचा मळका, म्हणून ती अस्पृश्य. आता जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी 'पारिया' टाकून 'काळी घार' हे नाव रूढ केले आहे. ठीक झाले. पण 'ब्राह्मणी' जागच्या जागी राहिली. अस्पृश्य हा शब्द कोशातून काढला आणि ब्राह्मण तसाच ठेवला की समता झाली, असे मानणारे केवळ पक्षिशास्त्रातच आहेत असे नाही.

इंग्रजी नावांत ब्राह्मणी मैना आणि ब्राह्मणी बदकही आहे. मराठीत त्या मैनेला भांगपाडी म्हणतात, कारण तिच्या डोक्यावरची पिसे भांग पाडून मागे विंचरल्यासारखी दिसतात. बदकाला चक्रवाक म्हणतात. म्हणजे आपल्या बोलीने जिथे पाखरू पाहिले, तिथे साहेबाने जात पाहिली. आणि साहेबाला जात दाखवणारा त्याच्या कचेरीतला पंडित कोण होता, हे वेगळे सांगायला नको. उलटही घडले आहे. ज्याला खेड्यात कुंभारकावळा, सोनकावळा, कुक्कुडकुंभा म्हणतात, तो पुस्तकात ऋषीचे गोत्र घेऊन भारद्वाज झाला. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असे शहरात मानतात. कुंभारकावळा दिसला म्हणून कुणाचा दिवस चांगला गेल्याचे मी ऐकले नाही.

नावांचा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. माणसांवरून दिलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय तिथल्या पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, कारण त्यांतले काही गुलामांचे मालक, काही आदिवासींची थडगी उकरणारे होते. तिथे हा प्रश्न विचारला गेला तो काळ्या पक्षिनिरीक्षकांनी उठवलेल्या आवाजानंतर.

परंतु नावे हे वरचे कवच झाले. त्याखाली पाहण्याची एक रीत आहे आणि ती आपल्या महाकाव्यांइतकी जुनी आहे. संस्कृत काव्याचा जन्म पाखराच्या मरणातून झाला असे सांगतात. क्रौंचाच्या जोडीतला एक निषादाने मारला आणि वाल्मीकीच्या तोंडून शाप श्लोक होऊन बाहेर पडला. या प्रसंगावर करुणेचे केवढे शास्त्र उभे राहिले! पाखरासाठी कवीचे हृदय फाटले याबद्दल माझी तक्रार नाही. क्रौंच म्हणजे सारस असे अनेक अभ्यासक मानतात. आज महाराष्ट्रात गोंदियाच्या बाजूला मोजके सारस उरले आहेत, तेव्हा ते हृदय फाटायलाच हवे. माझा प्रश्न निषादाबद्दल आहे. तो का मारत होता? त्याच्या झोपडीत कोण उपाशी होते? आदिकवीला ते विचारावेसे वाटले नाही आणि पुढच्या दोन हजार वर्षांत त्याच्या टीकाकारांनाही नाही. शाप मिळाला आणि निषाद काव्यातून निघून गेला. मराठी लोकांनी मात्र वाल्मीकीलाच वाल्या कोळी केले, म्हणजे आपल्या लोकमनाला ही फट कुठेतरी जाणवली असावी. शाळेत रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकवताना मला दरवर्षी या निषादाची आठवण होते. मुले पाखरासाठी रडतात, आणि त्यांनी रडावे. पण मारणारा हात कोणाचा, हे न विचारता.

दुसरी कथा महाभारतातली. द्रोणाचार्य झाडावर पक्षी ठेवतात आणि एकेका शिष्याला विचारतात, तुला काय दिसते? मराठी घरांत हा पक्षी पोपट असतो. युधिष्ठिर सांगतो, झाड दिसते, पक्षी दिसतो, भाऊ दिसतात, तुम्ही दिसता. तो नापास. अर्जुन सांगतो, फक्त डोळा दिसतो. तो पास. एकाग्रतेचा हा धडा आपल्या गळी इतका उतरवला आहे की धर्मराजाचे उत्तर बरोबर असू शकते, ही शंकाही येत नाही. त्याच आदिपर्वात एकलव्य आहे, तोही निषादच. ज्या गुरूने डोळ्याखेरीज काहीही न पाहणाऱ्याची पाठ थोपटली, त्याच गुरूने निषादाच्या मुलाचा अंगठा घेतला. मराठी पक्षिलेखनाची परंपरा अर्जुनाची आहे. तिला पाखराचा डोळा दिसतो, पिसांची छटा दिसते, चोचीचा बाक दिसतो. त्या चिखलात गुडघाभर उभा असलेला माणूस दिसत नाही. आणि दिसलाच तर निषाद म्हणून दिसतो.

सालिम अलींचे आत्मचरित्र १९८५ साली आले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. अंधश्रद्धेला थारा न देणारा, स्वतःची टिंगल करू शकणारा हा माणूस होता. लहानपणी एअरगनने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण तिची दुसरी बाजू पाहा. त्या काळी पक्षिशास्त्र बंदुकीवरच चालत होते. पक्षी मारायचा, कातडी भरायची, चिठ्ठी बांधायची. साहेबाच्या आणि नबाबाच्या बंदुकीने पाडलेले पाखरू 'नमुना' ठरले. त्याच माळावर फासेपारधी घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फासा लावून तित्तर-लावे धरत होता. त्याचे पाखरू मात्र 'शिकार' ठरले. १८७१ पासूनच्या कायद्यांनी त्याच्यासारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पोटाचे साधनच गुन्हा झाले. कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तित्तर वाचायला हवा. पण तित्तराला संरक्षण देताना पारध्याला काय दिले, याचा हिशेब पक्षिप्रेमी वाङ्मयात मला सापडत नाही.

आणि ज्ञान? पाळलेल्या तित्तराच्या आवाजावर रानातला तित्तर बोलावणे, पायवाटेवरच्या ठशांवरून कळप किती आणि किती वेळापूर्वी गेला हे सांगणे, याला शास्त्र म्हणायचे नाही तर कशाला? शास्त्राला ते वेळोवेळी लागलेच. सोसायटीच्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतर अभ्यासण्याच्या कामात पाखरे जिवंत, इजा न करता धरून देणारे अली हुसेन हे बिहारच्या मीरशिकार जमातीचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा फासा तिथे विज्ञानाचे हत्यार झाला. अकोला-वाशिमकडच्या माळांवर तणमोर वाचवण्याच्या कामात फासेपारध्यांच्या बेड्यांतले तरुण उतरले आहेत. आपल्या चळवळीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मारुती चितमपल्ली यांच्याकडे वळताना हात जड होतो. २००६ साली सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष, २०२५ साली पद्मश्री आणि त्याच वर्षी जूनमध्ये निधन. मराठी वाचकाला जंगलाची ओळख त्यांच्याइतकी कुणी करून दिली नाही. माडिया, गोंड, पारधी, धीवर यांच्याकडून आपण शिकलो हे ते लपवत नाहीत. हे त्यांचे मोठेपण. तरीही त्यांची पुस्तके सलग वाचताना मला एक गोष्ट खटकते. त्यांच्या जंगलातला आदिवासी जाणता आहे, गूढ आहे, कधी ऋषितुल्यही आहे; पण तो क्वचितच कर्जात असतो, क्वचितच वन खात्याच्या शिपायाला भितो. लेखक स्वतः त्याच खात्यातला अधिकारी आहे, ही गोष्ट लेखनात अडचण म्हणून येत नाही. त्यांनी बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द दिले. शब्द सुरेख आहेत, मीही वर्गात वापरते. पण ज्ञान दिले धीवराने आणि शब्द घडवला संस्कृताने, ही देवघेव आपल्याला परिचयाची आहे. माहितगार आणि लेखक यांच्यामध्ये मुखपृष्ठ असते, आणि त्यावर एकच नाव मावते.

आता थोडे आपल्या घरात पाहू. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. लहानपणीच पोरक्या झालेल्या मुलाची ती कहाणी आपल्या साहित्याचा मानदंड आहे. नाव पाहा: पक्षी. पण ते पक्षी आठवणींचे आहेत, झाडावरचे नाहीत. त्यात लेखकाचा दोष नाही. प्रस्थापितांच्या फुले-पाखरे-चांदण्याच्या कवितेला नकार देऊनच दलित साहित्य उभे राहिले, आणि तो नकार आवश्यक होता. ज्याला पाणवठ्यावर जाता येत नाही त्याने तळ्यातल्या हंसावर काय लिहायचे? महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पाखरे उतरत होती, त्यांनी तळे बाटत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या माणसांनी ते पाणी प्यायले तेव्हा मात्र तळे शेणागोमुत्राने शुद्ध करावे लागले. पाखराच्या हक्कापेक्षा माणसाचा हक्क जिथे कमी होता तिथल्या साहित्याने पाखराकडे पाठ फिरवली, यात नवल ते काय? पण नकार देताना आपण आकाशही त्यांच्या नावे करून दिले, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्या साहित्यात पाखरू उपमा म्हणून येते, नाहीतर भक्ष्य म्हणून. पाखरू म्हणून ते फारसे येत नाही.

अपवाद गिधाडाचा. आपल्या आत्मकथनांत मेलेल्या जनावराजवळ गिधाडे आणि माणसे एकमेकांना हुसकताना दिसतात. तेंडुलकरांनी 'गिधाडे' लिहिले तेव्हा ते पाखरू हव्यासाचे प्रतीक झाले. आपल्याकडे ते प्रतीक नव्हते, प्रतिस्पर्धी होते. माझा आजा मराठवाड्यात मेलेली ढोरे ओढायचा. आभाळात गिधाडे किती उंच आहेत, घिरटी किती आखूड झाली, यावरून जनावर मेले आहे की धुगधुगी आहे हे तो सांगत असे. गिधाड वासाने नव्हे, नजरेने मढे शोधते, हे मी पुस्तकात वाचले तेव्हा ते मला ठाऊकच होते. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्या देशात जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झाले. तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादे उरावे इतकी संपली होती. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने गिधाड पाहिलेले नाही. ढोरे ओढण्याचे काम गेले याचे मला तिळमात्र दुःख नाही. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले, आम्ही सोडले. पण त्या कामात तयार झालेली नजरही कामाबरोबर गाडून टाकायची की काय, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही.

दुर्बीण कोणाच्या हातात आहे यावर तिचा अर्थ ठरतो. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हा काळा पक्षिनिरीक्षक पाखरे पाहत होता. कुत्र्याला साखळी लावा, एवढेच त्याने एका गोऱ्या बाईला सांगितले. तिने पोलिसांना फोन करून एक काळा माणूस आपल्याला धमकावतो आहे असे कळवले. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. पुढच्याच आठवड्यात तिथल्या काळ्या पक्षिनिरीक्षकांनी आपला सप्ताह पाळला. आपल्याकडचे उदाहरण एवढे गाजण्यासारखे नाही. माझा एक विद्यार्थी, झोपडपट्टीत राहणारा, एका मोठ्या गृहसंकुलाच्या भिंतीबाहेर उभा राहून तिवरांतला खंड्या पाहत होता. पहारेकऱ्याने दुर्बीण हिसकावली आणि विचारले, कुणाच्या खिडकीत बघतोस? पहारेकरी त्याच्याच वस्तीतला होता. त्याच भिंतीशी मी उभी असते तेव्हा तो मला 'मॅडम' म्हणतो.

खाडीचे खरे शास्त्र मात्र पुस्तकाबाहेरच शिकावे लागले. पाखरे पाहायला कधी जायचे? पुस्तके सांगतात, पहाटे. खाडीवर पहाट-संध्याकाळ एवढे पुरत नाही, भरती-ओहोटी पाहावी लागते. चिखल उघडा पडला की चिखल्या आणि तुतवार त्यातले किडे-गांडुळे टिपायला पांगतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकत येतात आणि साध्या दुर्बिणीतूनही पायांचा रंग ओळखू येतो. ही वेळ काढण्याची रीत आगरी-कोळ्यांकडे आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास चिखल उघडा. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे भरती, म्हणजे सकाळी पाच-सहाला पाणी ओसरलेले. उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना बोटांवर ठाऊक असते. पंचांग ब्राह्मणाचे असेल, पण त्यातून भरती काढण्याचे गणित होडी चालवणाऱ्याचे आहे.

मिठागर हेही कुणाच्या तरी घामाचेच. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत आटवायचे, पायांनी तळ मळून घट्ट करायचा आणि उन्हाळाभर मीठ ओढायचे. भाईंदर आधी मिठाचे गाव होते, मग इमारतींचे झाले. ते उथळ खारे पाणी, त्यातले किडे आणि शेवाळ, यांवर परदेशी पाखरे जगतात. पक्षिप्रेमी त्याला 'नैसर्गिक अधिवास' म्हणतात. त्यात नैसर्गिक काय आहे? आगरी आणि आदिवासी मजुरांच्या पायांनी तो केला आहे. रोहितांचेही तसेच. ठाण्याच्या खाडीत ते एवढे वाढले त्याला शहराच्या सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ कारण असावे असे अभ्यासक सांगतात. त्यांचा गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. २०१५ साली तिथे रोहित अभयारण्य झाले, २०२२ साली आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेले. गटारात उतरणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या यादीत आहे?

हे सारे मी का उगाळते आहे? कारण आता पाखरू आणि माणूस यांची झुंज लावली जात आहे. २०२४ साली मुलुंड, भांडुप, कांजुरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे ठरले. जे धारावीतच घर मिळण्यास अपात्र ठरतील त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी. पक्षिप्रेमी म्हणतात, पाणथळ वाचवा. विकासवाले विचारतात, तुम्हाला गरिबापेक्षा बगळा मोठा वाटतो का? आपल्यातलेही काही जण दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहतात. दोन्हींकडे तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: धारावी ज्यांनी वसवली त्यांना धारावीतून काढून खारटाणात का नेऊन टाकायचे? गावकुसाबाहेर, सखल बाजूला, पाणी साचेल तिथे आपली वस्ती असावी, हा नियम कुणाचा आहे ते आपण ओळखतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा पहिल्यांदा कोण बुडाले, हेही ठाऊक आहे. खारफुटी आणि मिठागरे चढते पाणी पोटात घेतात. ती गेली तर शेकाट्याचे घरटे जाईल आणि त्याच पाण्यात सखल चाळीही जातील. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग आहे असे म्हटले. त्या निकालाचा आधार पक्षिप्रेमी पाखरांसाठी घेतात. तो आपण आपल्यासाठी घेतला पाहिजे, आणि त्यासाठी आधी खाडीवर जाऊन तिथे काय आहे ते मोजले, लिहिले पाहिजे.

तेवढ्याचसाठी महाविद्यालयातल्या दहा-बारा मुलामुलींनी एक नोंदवही केली आहे. तारीख, तिथी, पाणी चढते की उतरते, पाखरू, संख्या. शेवटचा रकाना आहे: कुणी दाखवले. ज्या पाखराचे पुस्तकी नाव मिळत नाही तिथे दाखवणाऱ्याने सांगितलेले नाव लिहायचे. ब्राह्मणी घारीसमोर मुलांनी आपसांत वाद घालून तूर्त 'पांढऱ्या डोक्याची घार' असे लिहिले आहे. एप्रिलमध्ये मिठागराच्या बांधावरून जात असताना मीठ ओढणाऱ्या एका बाईने हात आडवा करून आम्हाला थांबवले. पुढे चार पावलांवर मातीच्या खड्ड्यात शेकाट्याची चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. त्या बाजूची माती आठ दिवस काढायची नाही असे तिथल्या बायांनी ठरवले होते. शेवटच्या रकान्यात लिहायला मुलीने त्यांचे नाव विचारले तेव्हा, अंडी आमची थोडीच आहेत, असे म्हणून त्या हसल्या. मग नाव सांगितले, आणि मुलीने लिहिलेले पुन्हा वाचून दाखवायला लावले.